फक्त कागदापुरतं

८ फेब्रुवारी, ग्वायाकिल

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोसाउरा, राग आला की ओरडू नका, लिहून काढा. तुमचा रक्तदाब माझ्या यंत्रात मावत नाही." म्हणून ही वही आणली. पण माझा राग लिहून संपणाऱ्यातला नाही हे त्या बाईंना कोण सांगणार? दहा वर्षं मंद आचेवर ठेवलाय तो. आता कुठे शिजत आलाय.

तर लिहिते. माझ्या नवऱ्याचं नाव वेलिंग्टन. दहा वर्षांपूर्वी तो गालापागोसच्या बेटांवर एका बोटीवर स्वयंपाकी म्हणून गेला. देश आपलाच, पण आपल्यासारख्या मुख्य भूमीवरच्या माणसाला तिथे कायमचं राहता येत नाही. राहायचं तर बेटावरच्या कुणाशी तरी लग्न झालेलं हवं. आमच्या गल्लीतल्या इतरांनी जे केलं तेच आम्ही केलं. आधी आमचा घटस्फोट, मग त्याचं तिथल्या एका बाईशी लग्न. सगळं कागदापुरतं. कायमचा रहिवास मिळाला की तिला सोडायचं, माझ्याशी पुन्हा लग्न लावायचं आणि मला नि डोमेनिकाला तिकडे न्यायचं. घटस्फोटावर सही करताना आम्ही दोघं हसत होतो. बाहेर येऊन आइस्क्रीम खाल्लं.

मग त्याचे फोन कमी झाले. मग थांबले. मग कळलं की त्या बाईला, यादिराला, मुलगी झाली. कागदाला मूल होत नाही एवढं मलाही कळतं.

आणि आता माझी बहीण नार्सिसा बातमी घेऊन आली की वेलिंग्टनला कायमचा रहिवास मिळाला. म्हणजे आता त्याला कुणी हलवू शकत नाही, असं त्याला वाटतंय. पण माझ्या फोनमध्ये त्याचा आवाज आहे. पहिल्या वर्षातले निरोप, सगळे जपलेत. "रोसी, हे फक्त कागदापुरतं आहे गं. मनात तूच." रहिवासासाठी केलेलं खोटं लग्न पकडलं गेलं, की माणसाला विमानात बसवून परत पाठवतात. मला तेच हवंय. ग्वायाकिलच्या विमानतळावर तो हातात एक पिशवी घेऊन उतरावा आणि समोर मी उभी असावी. काही बोलायचं नाही. नुसतं बघायचं.

योग बघा कसा. डोमेनिकाची शाळा संपली आणि तीच म्हणाली, "आई, या सुट्टीत बेटांवर जाऊ या ना. समुद्रसिंह, कासवं, शार्कमध्ये पोहणं. आपण दोघी कधी कुठे गेलोच नाही." मी पटकन हो म्हटलं. पोरगी माझ्या गळ्यातच पडली. बिचारीला वाटतंय मी तिच्यासाठी निघालेय. बापाचं नाव ती कधी काढत नाही. डूख धरण्यात माझ्यावरच गेलीय.

११ फेब्रुवारी

सामान बांधलं. डोमेने बॅगेत स्वतःची उशी कोंबलीय.

"बारा दिवसांसाठी उशी?" मी विचारलं.

"मला दुसरीवर झोप येत नाही, आई."

"आणि हा शाळेच्या निरोपसमारंभाचा झगा? तो काय घोरपडींना दाखवायचाय?"

"असू दे गं. लागला तर."

मग मांजरीला कुशीत घेऊन रडत बसली. मी म्हटलं, अगं, नार्सिसामावशी आहे ना, घालेल दूध. तर आणखीच रडली. या वयात पोरींना कशाचंही रडू येतं. माझी कालवणाची टपरी नार्सिसा चालवणार आहे. तिला दोनदा बजावलं की कालवणात वरून जो कांदा घालतेस तो कागदासारखा बारीक चीर. आमचं माशाचं कालवण सकाळी खायला येणारे निम्मे लोक रात्री पिऊन आलेले असतात. त्यांच्या तोंडात जाड कांदा गेला तर गिऱ्हाईक तुटतं.

१२ फेब्रुवारी

विमानतळावर बेटाची तपासणी. फळं, बिया, माती काहीही न्यायचं नाही. माझ्या पिशवीतली हिरवी केळी त्या पोराने काढून घेतली. म्हणाला, "सेन्योरा, बाहेरचा एक किडा आत गेला तरी बेटाचं वाटोळं होतं."

मी म्हटलं, "दहा वर्षांपूर्वी एक चांगला पाच फुटी किडा तुमच्यासमोरून गेला, तेव्हा कुठे होतात?"

तो हसला. डोमे हसली नाही.

पोर्तो आयोरा गाव मोठं गोजिरं आहे, हे कबूल करायला मला त्रास होतो. मासळीच्या ओट्यावर एक समुद्रसिंहीण गिऱ्हाइकासारखी पुढचे पंजे टेकून उभी होती आणि मासे कापणारी बाई तिला कोपराने ढकलत होती. "हो पलीकडे, सकाळपासून खातेयस!" आजूबाजूला पेलिकन ताटकळत उभे. डोमे मला प्रत्येक पक्ष्याचं नाव सांगत होती. मी म्हटलं, शाळेत एवढं शिकवतात?

मुक्कामाची खोली शोधायची होती. मी पत्ता विचारायला वळले तर ती म्हणाली, "डावीकडे, मग बेकरीनंतर उजवीकडे."

"तुला कसं माहीत?"

"फोनवर नकाशा असतो ना."

फोन तिच्या खिशात होता. हल्लीच्या मुलांची स्मरणशक्ती चांगली असते, मान्य करायला हवं.

१४ फेब्रुवारी

आज बोटीने शेजारच्या बेटावर. आमची वाटाड्या मारीबेल नावाची बेटावरचीच मुलगी, आवाज खणखणीत. उतरल्या उतरल्या तिने दम भरला, "प्राण्यांपासून दोन मीटर. हात लावायचा नाही. समुद्रसिंहाचं पिल्लू कितीही गोड दिसलं तरी नाही. तुमचा वास त्याला लागला तर आई त्याला ओळखणार नाही. तिच्यापुरतं ते मेलं."

वाळूवर एक पिल्लू माझ्या पायाशीच येऊन लोळलं. मी पाय मागे घेत घेत झुडपात पडले. सगळी बोट हसली.

पुढे काळ्या घोरपडी खडकावर ढिगाने पसरलेल्या, नाकातून मिठाचं पाणी फुरफुर उडवत. आणि आकाशात ते काळे मोठे पक्षी, लाल गळ्याचे. निळ्या पायांचा एक पक्षी बिचारा खोल सूर मारून मासा आणतो. हे वरून येऊन त्याची शेपटी धरून हलवतात, तो मासा टाकतो आणि हे हवेतच झेलतात. मी मारीबेलला विचारलं, "यातली मादी कशी ओळखायची?" ती म्हणाली, "पांढऱ्या छातीची." पांढरी छाती नीट बघून ठेवली. यादिरा मी अजून पाहिलेली नाही.

मग पाण्यात. मला पोहता येत नाही, मी बोटीच्या शिडीला धरून राहिले. डोमे मात्र गेली ती गेलीच. खाली शार्क फिरत होते आणि ही त्यांच्यावरून शांतपणे तरंगत होती, पाय पोटाशी न घेता. एक समुद्रसिंह तिच्याभोवती गिरक्या घेत होता, तीही त्याच्यासारख्याच गिरक्या घ्यायला लागली. वर आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी क्षणभर वेलिंग्टनला विसरले.

मारीबेल म्हणाली, "ही आमच्यात हवी. पण वाटाड्याचं काम इथल्या कायमच्या रहिवाशालाच..." आणि डोमेकडे बघून थांबली.

"म्हणून तर म्हणते, सरकारला अक्कल नाही," मी म्हटलं. डोमेने लगेच पुन्हा सूर मारला.

१६ फेब्रुवारी

कार्निव्हल! गावभर पाणी, पीठ, फेस. आज कुणी कुणाला भिजवलं तरी चिडायचं नाही, हा नेम ग्वायाकिलला आहे तसा इथेही आहे. तरीही मी भांडायला निघाले नव्हते. मी फक्त नार्सिसाने सांगितलेली त्याची टपरी बघायला गेले होते.

टपऱ्यांच्या गल्लीत पाटी: "वेलिंग्टनचं कालवण. ग्वायाकिलची खरी चव."

माझं कालवण! माझ्या आजीचं! वाफेवरून मला ओळखू आलं, जिरं किती भाजलंय तेसुद्धा. आतमध्ये एक बुटकी, रुंद बाई कांदा चिरत होती. जाड. बोटाएवढ्या फोडी. हीच यादिरा. मी इतकी वर्षं एखादी रंभा डोळ्यांपुढे आणत होते. हिच्या पायात रबरी सपाता.

आणि तो. पोट सुटलेला, केस गेलेले, गिऱ्हाइकांशी हसत. इतका सुखी माणूस बघवत नाही.

शेजारी मासळी धुतलेल्या पाण्याची बादली होती. मी उचलली आणि त्याच्या टकलावरून पायापर्यंत रिकामी केली. आतडी, खवले, सगळं. गल्ली टाळ्या वाजवायला लागली. त्याने डोळे पुसले आणि मला पाहिलं. तोंडाचा आ वासला.

"रोसी?"

"कार्निव्हल आहे, वेलो. हस. चिडायचं नसतं."

आणि तो हसला! हसावंच लागलं, सगळे बघत होते ना. कानावर माशाचं आतडं लोंबतंय आणि मेला हसतोय. या एका दृश्यासाठी मी आणखी दहा वर्षं भांडी घासेन.

मग त्याची नजर माझ्यामागे उभ्या असलेल्या डोमेकडे गेली. तो तिला म्हणाला, "अगं, तुम्ही गुरुवारी येणार होता ना..."

कानात पाणी गेलं असावं. कुठला गुरुवार? मी डोमेचा हात धरला आणि ताठ मानेने निघाले. तिचा हात थंडगार होता. बापाला इतक्या वर्षांनी पाहून पोरगी हादरली असणार. मलाही त्याचं जरा वाईट वाटलं.

१८ फेब्रुवारी

काल कचेरी बंद होती. आज गेले. डोमेला सांगितलं, बाजारात जाते. तीही म्हणाली, मलाही एक काम आहे. बरंच झालं.

रहिवासाच्या कचेरीतल्या बाई माझ्याच वयाच्या, चष्मा गळ्यात, कपाळावर कायमची आठी. मी फोन पुढे ठेवून निरोप ऐकवले. "फक्त कागदापुरतं, रोसी." "एकदा का रहिवास मिळाला की तिला सोडतो, रोसी." पंख्याच्या आवाजात त्याचा आवाज तरुण वाटत होता.

बाई म्हणाल्या, "दहा वर्षांनी आठवलं?"

"विसरले नव्हते, म्हणून आठवावं लागलं नाही."

"त्यांना मूल आहे ना?"

"असेल. निरोपात काय म्हणतोय ते ऐका."

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "सोमवारी दोघांना बोलावते. तोवर त्याच्या रहिवासावर अवलंबून असलेलं सगळं थांबेल. गेल्या शुक्रवारीच त्याच्या नावाने आणखी एक अर्ज आलाय, एका मुलीचा. तोही थांबवावा लागेल. चालेल ना तुम्हाला?"

यादिराच्या मुलीचा असणार, शाळेबिळेचा. क्षणभर वाटलं, लेकराचा काय दोष. मग ते जाड कांदे आठवले.

"थांबवा," मी म्हटलं. "सगळं थांबवा."

सही केली. बाहेर आले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. लिंबू पिळलेली कोलंबी खाल्ली, वर एक बिअर. रक्तदाब नक्की उतरला असणार.

१९ फेब्रुवारी

आजचा दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला असेल.

एका खाडीत गेलो. डोमे म्हणाली, "आज तू पाण्यात उतरायचंच." मी नाही म्हणत होते, पण आज मला कशाचीच भीती नव्हती. कंबरेला फुगा बांधला, तोंडावर काच चढवली आणि तिचा हात धरून उतरले. ती उलटी पोहत मला ओढत होती, लहानपणी पाळण्यातून माझ्याकडे बघायची तशी डोळ्यांत डोळे घालून. खाली बघ, खाली बघ, अशी बोटाने खूण केली. एक कासव, टेबलाएवढं, माझ्या पोटाखालून निघून गेलं. घाई नाही, गडबड नाही. मी पाण्यातच ओरडले आणि खारं पाणी प्याले.

किनाऱ्यावर बसून दोघींनी एकाच टॉवेलात अंग पुसलं. ती म्हणाली, "आई, मी तुला काहीतरी सांगणार आहे. पण आज नको. आज फार छान चाललंय."

"मलाही सांगायचंय," मी म्हटलं. "सोमवारी सांगते. खूश होशील."

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि विचारलं, "आई, तू एकटी कंटाळशील का गं, कधी मी..."

"मी एकटी कशाने? टपरी आहे, नार्सिसा आहे, तू आहेस," मी म्हटलं. ती टॉवेल पिळायला उठली.

२० फेब्रुवारी

आज अक्षर धड नाही. नसलं तर नसो.

दुपारी डोमे खोलीत आली. चेहरा पांढराफटक. "आई, कचेरीत तू गेली होतीस?"

"कुणी सांगितलं?"

"माझा अर्ज थांबवलाय. आईनेच तक्रार केलीय म्हणाल्या त्या बाई. तुझी आईच ना ही, असं मला विचारलं त्यांनी! मी काय सांगायचं?"

"तुझा अर्ज?"

मग सगळं बाहेर आलं. वर्षभर ती बापाशी बोलतेय. दोन मार्चला ती अठरा पूर्ण करते. बाप इथला कायमचा रहिवासी आणि मूल अठराच्या आतलं, तरच मुलाला रहिवास मिळतो. अर्ज तिने गेल्या शुक्रवारीच दिला होता, आणि बुधवारी, मी बाजारात म्हणून गेले तेव्हा, तीही कचेरीतच गेली. म्हणजे एका दाराने मी बाहेर पडले असेन आणि ती पाठोपाठ चौकशीला आत. हिला वाटाड्या व्हायचंय. गुरुवारी तो आणि ती मिळून मला सांगणार होते.

"उशी," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

"हो. उशी."

"तर त्या चोराने तुलाही पळवली!"

"त्याने नाही! मीच त्याच्या मागे लागले. तो तर घाबरत होता. म्हणत होता, तुझी आई मला जिवंत सोडणार नाही."

"त्याला दहा वर्षांत हे एकच खरं कळलं!"

"आई, मला तो नकोय. मला हे हवंय," ती खिडकीकडे हात करून ओरडली. खिडकीबाहेर फक्त शेजाऱ्याची पाण्याची टाकी होती, पण तिला काय म्हणायचं ते मला कळलं. "ग्वायाकिलमध्ये मी काय करणार? कांदा चिरणार?"

"मी चिरला म्हणून तू शिकलीस!"

"ठाऊक आहे," ती म्हणाली. हळू म्हणाली, त्याने जास्त लागलं. "मी तुला आधी सांगितलं असतं तर तू येऊ दिलं असतंस?"

मी खरं ते सांगितलं. "दाराला कुलूप लावलं असतं."

"बघ."

"आणि आता मी तक्रार मागे घेणार नाही," मी म्हटलं. "तोही चालू लागू दे आणि तूही घरी चल."

ती मारीबेलकडे गेली. उशी इथेच आहे.

२१ फेब्रुवारी

सकाळी धक्क्यावर बसले होते. समुद्रसिंहांची पिल्लं सावलीत एकमेकांवर पडलेली. एक मादी पाण्यातून आली, लटपटत, दमलेली, आणि भुंकत सुटली. पाच-सहा पिल्लं दूध मिळेल म्हणून तिच्याकडे धावली. ती एकेकाला हुंगायची आणि चावून हाकलायची. दया नाही, माया नाही. शेवटी एक मागून आलं, त्याला हुंगलं आणि तिथेच वाळूत आडवी झाली. मला ती बाई आवडली.

खोलीच्या दारात यादिरा उभी होती. हातात झाकलेलं पातेलं. तिला आत घेतलं नाही, ती बाहेर कट्ट्यावर बसली.

"शिव्या द्यायच्या तर द्या," ती म्हणाली. "मी ऐकून घेईन. मग माझं ऐका."

"तुझं काय ऐकायचं?"

"मलाही त्याने हेच सांगितलं होतं, कागदापुरतं म्हणून. मीही तेच समजून लग्न केलं. दीडेक वर्ष तो बाहेरच्या खोलीत झोपायचा आणि मला तुमच्या गोष्टी सांगायचा. रोसी असं करते, रोसी तसं म्हणते. मी कंटाळले होते तुम्हाला. मग मी आजारी पडले, त्याने महिनाभर माझं सगळं केलं. त्यानंतर..." ती थांबली. "त्याने तुमच्याशी खोटं बोलायला म्हणून ते निरोप नव्हते पाठवले, ताई. तेव्हा ते खरं होतं."

हे ऐकून मला तिला बादली मारावीशी वाटली. मला फसवलं, एवढं तरी माझ्याकडे होतं. दहा वर्षं मी त्या रागावर जगले. आता म्हणे फसवलंच नव्हतं, नुसतं मन बदललं. मन बदललं यासाठी कुठल्या कचेरीत जायचं?

"पातेल्यात काय आहे?" मी विचारलं.

"कालवण. तुमचंच. पण तसं लागत नाही, तो रोज म्हणतो."

चाखलं. "कांदा जाड आहे."

"मला बारीक जमत नाही."

"जमणार नाही," मी म्हटलं आणि दार लावलं. पातेलं मात्र ठेवून घेतलं. दुपारपर्यंत संपवलं.

संध्याकाळी मारीबेलच्या बोटीपाशी गेले. डोमे पाण्यात होती, पर्यटकांतल्या एका घाबरलेल्या बाईचा हात धरून तिला पुढे नेत होती. उलटी पोहत, डोळ्यांत डोळे घालून. अगदी परवा माझ्याशी केलं तसंच. मी हाक न मारता परत आले.

२३ फेब्रुवारी

कचेरीत खुर्च्या चार. वेलिंग्टन, यादिरा, मी, आणि डोमे भिंतीला टेकून उभी. वेलिंग्टनने इस्त्रीचा सदरा घातला होता. माझ्याकडे बघत नव्हता.

मी म्हटलं, "बाई, तक्रार मागे घेते."

"नुसती मागे घेऊन चालत नाही," चष्म्याच्या बाई म्हणाल्या. "हे निरोप आता माझ्याकडे आहेत. त्यात हा स्वतः म्हणतोय की लग्न खोटं आहे. ते खरं आहे असं मला कुणीतरी सांगायला हवं. यांनी सांगून उपयोग नाही, यांचा स्वार्थ आहे. तुम्ही सांगितलंत तर मी लिहून घेईन."

म्हणजे मीच. त्यांचं लग्न खरं, हे जगात फक्त मी शपथेवर सांगायचं. देवाला माझी चेष्टा करायची हौस आहे.

डोमेकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती. ओठ आवळून उभी होती, नाक लाल, माझंच नाक. दोन मार्चला सहाच दिवस उरले की सात, तेही मला मोजवेना.

"लिहा," मी म्हटलं. "घटस्फोट खरा होता. आम्ही सही करताना तो खोटा समजत होतो, पण तो खरा झाला. हा माणूस मला सोडून गेला. या बाईसाठी. तिच्याबरोबर राहतो, तिच्या आजारपणात तिची सेवा करतो आणि तिच्या हातचा जाड कांदा खातो. यापेक्षा खरं लग्न मी पाहिलेलं नाही."

दहा वर्षं 'सोडून गेला' हे मी नार्सिसालाही बोलू दिलं नव्हतं. कामावर गेलाय, असंच म्हणत होते गिऱ्हाइकांना. अजूनही.

वेलिंग्टन रडायला लागला. यादिराने त्याला रुमाल दिला. मी म्हटलं, "रडू नकोस, अजून माझं संपलेलं नाही."

बाहेर आल्यावर त्याला अटी सांगितल्या. टपरीवरची पाटी उतरवायची. नवी पाटी: "रोसाउराचं कालवण." मोठ्या अक्षरांत, लाल रंगात. "बायकोच्या टपरीवर आधीच्या बायकोचं नाव?" तो म्हणाला. यादिरा म्हणाली, "लाव. कालवण तिचंच आहे." मग मला हळूच म्हणाली, "कांदा मात्र शिकवून जा."

शिकवला. दोन तास उभी राहून. शेवटपर्यंत तिला जमला नाही, याचं मला समाधान आहे.

डोमे मला चिकटली आणि सोडेना. म्हणाली, "तू माझ्यासाठी केलंस ना?"

"छे," मी म्हटलं. "तुझ्या बापाला रोज सकाळी उठल्या उठल्या माझं तोंड दिसावं म्हणून केलं."

ती हसत हसत रडली. मी खोटं बोलले नव्हते, अर्धं तरी.

२४ फेब्रुवारी

परतीच्या विमानतळावर तोच प्रकार. वाळू, शंख, दगड काही नेत नाही ना? पोराने बॅग उघडली.

"हे काय, सेन्योरा?"

"उशीचा अभ्रा."

"नुसता अभ्रा? उशी कुठेय?"

"उशी इथे राहतेय."

त्याने तो झटकून पाहिला, बी नाही, वाळू नाही. नाकाशी नेणार होता, मी हिसकावून घेतला.

३ मार्च, ग्वायाकिल

नार्सिसाने बारा दिवसांत माझी तीन गिऱ्हाइकं घालवली. कांदा जाड. तिच्याशी अबोला धरलाय.

त्याचे जुने निरोप मी पुसलेले नाहीत. पाटी उतरवली तर लागतील.

डोमेचा रहिवास झाला. अठराव्या वाढदिवशी तिने तो झगा घातला होता, फोटो आला. आज पहाटे, मी मासे उकळायला ठेवत होते तेव्हा, फोनवर तिचा निरोप आला, तिच्या आवाजात: "आई, ऐक ना. आज बाबांनी स्वतः कालवण केलं, माझ्यासाठी म्हणून, नाश्त्याला. सगळे बसलेले. मी एक चमचा घेतला आणि म्हटलं, जिरं जळलंय. त्यांचं तोंड बघायला हवं होतंस! यादिरा तर टेबलाखाली गेली हसून. बाबा म्हणतात, ही रोसीच आलीय घरात."

एका गिऱ्हाइकाने विचारलं, नवरा आला का कामावरून? मी म्हटलं, तो मला सोडून गेला, बस, वाढते. आणि डोमेचा निरोप पुन्हा लावून कांदा चिरायला घेतला.